बंद आहे तोवर

ज्या माणसानं ते अपडेट बनवलं तो कोण, कुठल्या देशात राहतो, मला काही माहीत नाही. पण तेव्हा तो सापडला असता तर भर आठवडी बाजारात उभा करून मी त्याची खरडपट्टी काढली असती. माझ्या तोंडी लागायला अर्जुनीतले लोक घाबरतात ते उगीच नाही. मी इथं कॉम्प्युटरचा क्लास चालवते आणि लोकांच्या घरचे बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करून देते. बाई हातात पेचकस घेऊन आली म्हणून सुरुवातीला लोक हसायचे. आता तेच लोक 'रीना मॅडम, येता का' म्हणून फोन करतात.

२०१० सालची गोष्ट आहे. धान कापून झालं होतं, खळ्यांवर भाऱ्यांचे पुंजणे रचले होते. सकाळी मी क्लास उघडत होते तेवढ्यात उमरावकाकांचा फोन आला.

"रीना, कॉम्प्युटर पागल झाला व."

"पागल म्हणजे काय झालं, काकाजी?"

"चालू होते, चित्र येते, काळा होते. परत चालू होते, परत काळा. झोपेतून उठलो तसा हेच करून राहिला. तू ये. आत्ताच ये."

उमरावकाका असे घाई करणारे नव्हते. नवेगावच्या रस्त्यावरचं त्यांचं गाव, गावचा तलाव त्यांच्या खापरपणजोबांनी बांधलेला, आणि तलावाच्या पाण्यावरून भांडण झालं की अजूनही निवाड्याला त्यांनाच बोलावत. माणूस शांत, शब्दाचा पक्का. मिशी मात्र अशी जबर, की वरचा ओठ कुणी कधी पाहिलाच नसेल. असा माणूस 'आत्ताच ये' म्हणतो म्हणजे पाणी डोक्यावरून चाललं आहे हे मला कळलं. क्लासला कुलूप घातलं आणि स्कूटी काढली.

त्या घरात कॉम्प्युटर म्हणजे काय होता, हे सांगायला हवं.

काकांची एकुलती एक मुलगी राखी जन्मापासून बहिरी. ऐकू येत नाही म्हणून बोलणंही नाही. लहानपणी नागपूरच्या एका डॉक्टरनं बजावलं होतं, हातवारे करू नका, नाहीतर ती तोंडानं कधीच बोलणार नाही. काकांनी ते ब्रह्मवाक्य मानलं. ते राखीसमोर तोंड मोठं करून एकेक शब्द म्हणायचे, आणि मिशीच्या मागं काय चाललं आहे हे त्या पोरीला कधी दिसायचं नाही. कुंदाकाकूंनी मात्र डॉक्टरला धाब्यावर बसवलं. सही करण्यापुरतंच लिहिता येणारी ती बाई, तिनं लेकीसोबत हातांची एक अख्खी बोली तयार केली. भाताची खूण, तापाची खूण, शेजारणीची खूण, रुसव्याची खूण. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की बाबा. एवढी एकच खूण काकांना कळायची, कारण ती त्यांची होती. बाकी सगळं ते बायकोवर सोडून मोकळे झाले होते. "मले नाही जमत ते हाताचं," असं म्हणायचे.

पुढं राखीचं लग्न झालं. जावई राहुल, तोही बहिरा, पिंपरीला कारखान्यात नोकरीला. पोरगी इतक्या लांब गेली आणि फोनचा तर काही उपयोग नाही. तेव्हा राहुलनंच इथं येऊन कॉम्प्युटर बसवला, वर कॅमेरा लावला, टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घेतलं. दर रविवारी मायलेकी पडद्यासमोर बसून हातांनी बोलायच्या. तासन् तास. घरात चिटपाखराचाही आवाज नाही आणि तरी दोघी हसून हसून लोळायच्या. काका मागं खाटेवर बसलेले, कॅमेऱ्यात त्यांचा फक्त गुडघा यायचा. शेवटी राखी मिशीला पीळ द्यायची, की ते वाकून पुढं यायचे, "बरी आहेस ना?" असं ओरडून विचारायचे आणि पुन्हा मागं जायचे. ती मान हलवायची. बापलेकीचं बोलणं एवढंच.

त्या वर्षी काकूंना तोंडाचा कॅन्सर निघाला. आमच्याकडं बायका दात घासायच्या निमित्तानं तंबाखूचा गुडाखू तोंडात धरून बसतात, त्यांनीही जन्मभर तेच केलं. नागपूरला ऑपरेशन झालं, गळ्यात नळी बसवली आणि आवाज कायमचा गेला. मग डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलणारी बाई मुकी झाली, आणि तिच्या हातांचं बोलणं समजणारं माणूस एकच, ते पिंपरीला. राखीला आठवा महिना, त्यात रक्तदाब वाढलेला. डॉक्टरनं तिला पलंगावरून उठायची मनाई केली होती. ती येऊ शकत नव्हती, ही जाऊ शकत नव्हती. कॉम्प्युटर होता म्हणून रोज भेट होत होती. तोच बंद पडला होता.

मी गेले तेव्हा काकू खाटेवर बसून त्या पडद्याकडं पाहत होत्या. चित्र आलं की मान वर करायच्या, काळं झालं की खाली. मी मला येत होतं ते सगळं करून पाहिलं. सिस्टीम काही उठेना.

"कोणी काही दाबलं का?"

"कायले दाबतील? रात्री झाकून ठेवला. बंद करताना पडद्यावर इंग्रजीत काही येऊन राहिलं, आकडे फिरून राहिले. मी म्हटलं येऊ दे."

आलं होतं ते अपडेट. पण तेव्हा माझं लक्ष तिकडं गेलं नाही, कारण अपडेटनं मशीन सुधारतं असंच सगळे मानून चाललो होतो. मी क्लासमधल्या एका कॉम्प्युटरचा डबा उचलून आणून जोडला. तो इतका जुना की कॅमेरा ओळखेचना. गावात दुसऱ्या कुणाकडं काही नव्हतं. अर्जुनीच्या सायबर कॅफेचा जिना काकूंना चढवणं शक्य नव्हतं. तेव्हा एकच उपाय राहिला, सिस्टीम नव्यानं टाकायची. त्यातही लोडशेडिंग. सीडी अर्ध्यावर फिरली की लाइन जायची, की पुन्हा पहिल्यापासून. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाचं जमलं. कॅमेरा लागला, इंटरनेट लागलं. मी पिंपरीला फोन करून राखीच्या सासूबाईंना सांगितलं, तिला पडद्यासमोर बसवा. इकडं काकूंनी केस विंचरून घेतले, गळ्यातली नळी पदरानं झाकली. काकांनी पाठीला उशा लावल्या. राखीचा चेहरा आला आणि मी ओसरीवर निघून आले. मला त्यांचं काही कळत नसलं, तरी तिथं उभं राहणं बरं दिसत नव्हतं.

ओसरीवर चपला घालते न घालते तोच आतून मशीन नव्यानं सुरू होतानाची ती टुण्ण ऐकू आली. मी धावत आत गेले.

पडदा काळा. काकूंचा हात तसाच वर होता, अंगठा आणि बोट ओठाच्या वर, मिशीला पीळ देताना थांबलेला.

"काय केलं, काकाजी?"

"काहीच नाही. एक पाटी आली मधात, इंग्रजीची. नेमकी पोरीच्या तोंडावर आली. पोरगी दिसेना म्हणून मी ते बटन दाबून बाजूला केली."

मग चित्र आलं, काळं झालं, पुन्हा चित्र आलं, पुन्हा काळं झालं. इंटरनेट जोडल्याबरोबर त्या मशीननं आपणहून तेच अपडेट पुन्हा ओढून घेतलं होतं आणि विचारत होतं, आत्ता बंद करून सुरू करू की मागाहून. काकांना इंग्रजी कुठलं यायला. चेहऱ्यावर बसलेली माशी हाकलावी तशी त्यांनी ती पाटी हाकलली होती.

त्याच संध्याकाळी बँकेतल्या हिरालालचा फोन आला, त्याच्या घरीही हेच दुखणं, परवा रात्रीच्या अपडेटपासून. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते अपडेटच सडकं होतं. राहुलच्या कॉम्प्युटरवर जुनी सिस्टीम होती म्हणून तो वाचला. मी उमरावकाकांचा डबा क्लासवर आणला, आता अपडेट बंद करूनच सिस्टीम टाकायची म्हणून. तर सारखं चालू-बंद होऊन आतली हार्ड डिस्कच बसली होती. नवी गोंदियाहून मागवावी लागणार होती. मला इतका संताप आला की मी क्लासच्या पोरांना विनाकारण झापलं आणि सुट्टी देऊन टाकली.

डिस्कला दोन दिवस लागतील हे फोनवर सांगायचा मला धीर झाला नाही, म्हणून मी गेले. काकू आता बसूही शकत नव्हत्या. खाटेवर पडल्या पडल्या त्या काकांना काहीतरी शिकवत होत्या. काका खाली जमिनीवर बसलेले, शाळेतल्या ढ पोरासारखे. आधी मिशीला पीळ. मग दोन्ही पंजे उघडून बोटं नाचवायची. मग छातीशी मूठ धरून ती समोरच्याकडं उघडायची. शेवटी एक बोट उभं. काकांची मूठ चुकली की काकू त्यांच्या मनगटावर चापट मारत आणि पुन्हा पहिल्यापासून करायला लावत.

"राखीसाठी निरोप आहे," काका मला म्हणाले. "परवा तिचं बोलणं पहिल्याच खुणेवर तुटलं ना. तेच पुरं करून राहिली."

"काय निरोप आहे?"

"मले काय समजते? माझी मिशी आहे यात, एवढं समजते. गाऱ्हाणंच असंल माझं. पन्नास वेळा विचारलं, नुसती हसते."

मी पुढं होऊन तेच हातवारे करून पाहिले. म्हटलं, काकांना नाही आठवलं तर मी सांगेन. काकूंनी माझा हात धरून खाली केला. मग काकांकडं बोट दाखवलं. त्यांनीच सांगायचं होतं.

काका संध्याकाळपर्यंत ते करत बसले. आपलंच गाऱ्हाणं एवढ्या मन लावून पाठ करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला हसू येत होतं. शेवटी एकदा सगळं बरोबर जमलं तेव्हा काकूंनी डोळे मिटून मान हलवली.

डिस्क गोंदियाहून आली त्या दिवशी मी काकूंच्या मयतीला होते.

राखीला सांगायचं नाही, असं तिथंच ठरलं. पिंपरीहून सासूबाईंनीही रडत रडत फोनवर हेच म्हटलं, तिचा रक्तदाब वाढला तर दोन जीव जातील, बाळंतपण होऊन जाऊ द्या. त्यांचं चूक होतं असं मी कशाला म्हणू. राखीला एवढंच कळवलं की कॉम्प्युटर अजून दुरुस्त झाला नाही. राहुलनं तिला तसं हातांनी सांगितलं.

दहाव्याला तलावाच्या पाळीवर न्हाव्यानं काकांचं डोकं भादरलं आणि मिशीही काढली. मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तर क्षणभर ओळखलंच नाही. वरचा ओठ पांढराफटक, उन्हानं कधी शिवला नव्हता. मी टेबलावर डबा ठेवला, वायरी जोडल्या.

"आता काही नाही होणार, काकाजी. अपडेट पार बंद करून टाकलं आहे. चालू करून दाखवू?"

"चालू नोको करू, रीना."

"काऊन?"

"तो बंद आहे तोवर तिची माय जिती आहे."

मी हात मागं घेतला. ज्या बिघाडाला मी इतके दिवस शिव्या घालत होते, त्याच बिघाडाच्या आडोशाला आता ते घर उभं होतं. मी कॉम्प्युटरवर पुन्हा काकूंनी शिवलेलं फुलाफुलांचं कापड टाकलं आणि घरी आले. आयुष्यात दुरुस्त करून बंद ठेवलेलं ते एकच मशीन.

त्यानंतर काका रोज पिंपरीला फोन करत आणि म्हणत, "सांगा तिले, दुरुस्त होऊन राहिला." फोन ठेवला की ओसरीवर बसून तो निरोप हातांनी करून पाहत. दुकानात पाठवलेलं पोर विसरू नये म्हणून वाटेनं घोकत जातं ना, तसं. रिकाम्या ओठावर मिशीचा पीळ, नाचती बोटं, मूठ, एक बोट. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. शेजारच्या कवडूनं मला विचारलंही. मी त्याला म्हटलं, तू तुझं बघ.

राखी दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. दवाखान्यातून घरी आली आणि दोनच दिवसांत सासूबाईंचा फोन आला, आता ती कुणाचं ऐकत नाही. बाळाला पाजतानाही तिची नजर त्या कॉम्प्युटरवर असते. आईला नात दाखवायची म्हणते. आता मी काय सांगू?

काकांनी मला बोलावून घेतलं. नवीन धोतर नेसून, टेबलासमोर काकूंच्या जागेवर बसले होते. ओठावर नुकते पांढरे खुंट आले होते.

"आज लाव."

"आधी सासूबाईंना सांगू द्यायचं का, काकाजी? समोरासमोर तुम्हाला जड जाईल."

"नाही. बाप आहो. मीच सांगीन."

कशानं सांगणार होते ते? त्यांचं तोंड तिला कधी वाचता आलं नव्हतं आणि हात त्यांना येत नव्हते. मी बटन दाबलं. सिस्टीम पहिल्याच खेपेला शहाण्यासारखी सुरू झाली, त्याचाही मला राग आला.

राखी पडद्यावर आली ती बाळाला दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरूनच. एवढीशी मुठ्या आवळलेली पोर, पांढऱ्या दुपट्यात. तिच्या मागून राखीचा हसरा चेहरा वर आला. काकूंच्या जागी बाबा बसलेले पाहून ती त्यांच्या मागं खाटेकडं पाहू लागली. मग एका हातानं तिनं मिशीला पीळ द्यायला सुरुवात केली, बाबांना हाक मारायची म्हणून. आणि ओठापाशी तिचा हात थांबला. तिनं काकांचा ओठ पाहिला. भादरलेलं डोकं पाहिलं. आमच्याकडं बाप्या मिशी कधी काढतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

राखीचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. सासूबाईंनी धावत येऊन बाळाला घेतलं. काका हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसलंही नाही. ती थोडी सावरेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

मग त्यांनी हात वर केले. एकही खूण चुकली नाही. मिशीचा पीळ. दोन्ही पंजांची नाचती बोटं. छातीशी मूठ आणि ती समोर उघडलेली. एक बोट उभं.

राखीचं रडणं थांबलं. ती पडद्याच्या अगदी जवळ आली आणि बोटानं खूण केली, पुन्हा. काकांनी पुन्हा केलं. आपल्या आईचे हात बाबांच्या अंगाला जोडलेले असावेत तशी ती पाहत होती.

"सांगितलं बाप्पा," काका मला म्हणाले. "आता विचार तिले, काय गाऱ्हाणं होतं."

मला विचारावं लागलं नाही. राखीनं बाजूचा कागद ओढला, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि कॅमेऱ्यासमोर धरला. काकांना ते पुसट दिसत होतं. मी वाचून दाखवलं.

"आई सांगते, बाबाला हात बोलायला शिकव. तो एकटा."

मी पाणी आणायला म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. परत आले तर ते तसेच त्या कागदाकडं पाहत होते.

"रीना," ते म्हणाले, "माझी खूण मिशी. मग तिची कोणती? राखी तिच्या मायले काय म्हणे?"

मला कुठं ठाऊक. मी कागदावर 'आईची खूण दाखव' असं लिहिलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. राखीनं डाव्या नाकपुडीवर बोट टेकवलं, काकूंच्या नाकातली चमकी, त्यांची फुली, असायची तिथं.

"हे?" काका पुटपुटले. "हे तर ती लहानपणापासून करते. रोज करायची. मले वाटे, पोरीचं नाक खाजवते."

त्यांनी हळूच आपलं बोट डाव्या नाकपुडीवर ठेवलं. राखीनं रडत रडत मान हलवली, बरोबर आहे म्हणून. तरी काकांनी ते बोट काढलं नाही.